हिसका ऑटोपायलटचा?

"वाट बदलली की ऑटोपायलट गांगरतो आणि विमान हिसका देतं" हे ऑटोपायलटवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. समजा गोव्याच्या दाबोळी विमानतळावर वारा फिरला आणि कंट्रोलने 26 ऐवजी 08 धावपट्टी दिली, म्हणजे तीच पट्टी पण उलट दिशेने. नवा मार्ग फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटरमध्ये (विमानाची वाट आखणारा संगणक) आधी तात्पुरता भरतात. तोवर विमान जुन्याच वाटेने किंवा हेडिंग मोडवर, म्हणजे दिलेली दिशा धरून, निवांत चाललेलं असतं. दोघे पायलट स्क्रीनवरची नवी रेघ तपासतात, मग बटण दाबतात. त्यानंतरही वळताना विमान किती कलेल, किती झपाट्याने कलेल, दोन्हींना लगाम असतो. कोन साधारण 25-30 अंशांच्या आतच. शिवाय मोड बदलला की जुन्या गणिताने जिथे सोडलं तिथूनच नवं गणित सुरू करतात. खरी कारागिरी ही, आणि लेखात तिचा पत्ताच नाही!

उलट अलगद वळणच कधी घात करतं. 1995 मध्ये कोलंबियातल्या कालीजवळ क्रूने कॉम्प्युटरमध्ये वाटेवरचा म्हणून भलताच बिंदू निवडला आणि ऑटोपायलटने मुकाट्याने विमान तिकडे वळवलं. पुढे डोंगर होते. बाकी पावसाळ्यात मोपाला उतरताना जे गचके बसतात ते ढगांचे, त्याचं बिल ऑटोपायलटच्या नावावर कशाला?