ओल्या भिंतीला दिवाळीचा रंग

दसरा झाला, पाऊस एकदाचा मागे फिरला आणि डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशेजारच्या कट्ट्यावर नानांनी जाहीर करून टाकले की, धनत्रयोदशीच्या आत त्यांच्या दिवाणखान्याला नवा रंग लागलेला असेल. नाना रेल्वेतून निवृत्त झाले, पण वेळापत्रक काही त्यांना सुटलेले नाही. शुक्रवारी भिंती खरवडायच्या, शनिवारी लांबी (पुट्टी) भरायची, रविवारी सकाळी पहिला हात आणि संध्याकाळी दुसरा, सोमवारी सामान जागेवर, असा बेत कागदावर तयार होता आणि तो त्यांनी आम्हा सर्वांना उभे राहून वाचून दाखवला.

सुलभाताईंनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. त्यांनी अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे आणि समोरच्याचे बोलणे पुरते संपल्याशिवाय त्या तोंड उघडत नाहीत.

"नाना, बेत उत्तम आहे, फक्त तो भिंतीला विचारलात का?" त्या म्हणाल्या. "तुमची पश्चिमेची भिंत जूनपासून पाणी पिते आहे. ते पाणी आता बाहेर पडणार आणि पडताना भिंतीतले क्षार बरोबर घेऊन येणार. तुम्ही वरून रंगाचा घट्ट पापुद्रा चढवलात, तर त्याची वाट अडते आणि ते त्या पापुद्र्यालाच पुढे ढकलते. होळीपर्यंत फुगे येतील आणि पुढच्या पावसाच्या आत पोपडे सुटतील."

नानांचे म्हणणे असे पडले की, हल्लीचे रंग फार सुधारलेले आहेत, डब्यावर कंपनीने सगळे लिहून दिलेले असते आणि भिंत हाताला सुकी लागते आहे. यावर बाबूरावांना बोलावेच लागले, कारण आमच्या कट्ट्यावर रंगाच्या कामाचा खरा अनुभव त्यांच्याच हाताला आहे. पहिल्या हातानंतर चार-सहा तासांनी दुसरा मारावा असे डब्यावर लिहिलेले असते ते सुक्या भिंतीसाठी, ओल्या भिंतीसाठी कोणताही डबा काही लिहीत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाइकाला नाही म्हणणे जड जाते, वर्षाची कमाई याच दिवसांत होते, आणि म्हणून ओल दिसत असूनही पुष्कळदा वरून लांबी ओढून रंग मारून दिला जातो, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता मान्य केले. मला त्यांचे हे बोलणे फार मोलाचे वाटले. धंदा करणारा माणूस स्वतःच्या हंगामाविरुद्ध बोलतो तेव्हा त्याचे ऐकावे.

सुलभाताईंनी मग नानांना एक साधी परीक्षा सांगितली. स्वच्छ प्लास्टिकचा हात-दीड हात लांबी-रुंदीचा तुकडा घ्यायचा, तो संशयित भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा, कोठेही फट ठेवायची नाही आणि एक दिवस त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब जमलेले दिसले किंवा तेवढाच चौकोन गडद झालेला दिसला, तर पाणी भिंतीतून येते आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील, तर हवा दमट आहे एवढेच. या परीक्षेला पैसे पडत नाहीत आणि भिंतीवरचा वाद भिंतच मिटवते.

एवढ्यावर थांबतील ते नाना नव्हेत. त्यांच्या लहानपणी गिरगावातल्या चाळीत दर दिवाळीला चुन्याचा हात बसत असे, चुन्यात थोडी नीळ घालत, दोन दिवसांत खोली लख्ख होई, आणि तेव्हा कोणी भिंतीवर प्लास्टिक लावून शास्त्र शिकवत नसे, असे त्यांनी आवाज चढवून सांगितले.

"ते शास्त्र चुन्यातच होते, नाना," सुलभाताई म्हणाल्या. "चुना भिंतीचा श्वास कोंडत नाही, ओल त्यातून बाहेर पडते, आणि त्याच्या तीव्र अल्कधर्मी गुणामुळे बुरशीही लवकर धरत नाही. तुमच्या वडिलांचा चुना दोन दिवसांत चालत होता म्हणून तुमचा प्लास्टिकचा रंग चालेल, असे होत नाही."

येथे अण्णांनी जुने प्रकरण उकरून काढले. नाना सोसायटीचे सचिव असताना त्यांनी पाऊस थांबल्याच्या आठवड्यातच जिन्याला हिरवा रंग मारून घेतला होता आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याचे पोपडे लोकांच्या डोक्यावर पडत होते, ही गोष्ट अण्णा अजून विसरलेले नाहीत. नानांनी उलट विचारले की, गच्चीच्या गळतीचा ठराव बैठकीत कोणी हाणून पाडला होता. अण्णांनीच तो पाडला होता, हे सर्वांना माहीत आहे. खरे सांगायचे तर दोघांचेही बरोबर होते, कारण गळती तशीच ठेवून जिना रंगवणे आणि खर्च नको म्हणून गळती ठेवणे, ही दोन्ही कामे त्याच एका जिन्यावर झाली. बाबूरावांनी त्यातून कामाचे तेवढे काढले: बाहेरच्या भेगा आणि गच्ची फेब्रुवारी ते मे या कोरड्या दिवसांत दुरुस्त करावी, आणि आतला रंग त्यानंतर.

मग दिवाळीसाठी करायचे तरी काय, हा नानांचा प्रश्न रास्त होता आणि त्यात थोडे दुःखही होते, कारण मुलगी-जावई भाऊबीजेला येणार होते. विनूने लगेच फोन काढून रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्या दाखवल्या. सुलभाताईंनी दिव्यांचा मुद्दा उचलून धरला, पण त्याच्या पट्ट्या बाजूला ठेवल्या. उजेड किती पांढरा की पिवळसर हे केल्विनच्या आकड्यात सांगतात; बहुतेक घरांत बैठकीला 6500 केल्विनचा पांढराफटक दिवा असतो आणि त्या उजेडात भिंतीवरचा प्रत्येक डाग वर येतो. तिथे 2700 ते 3000 केल्विनचे दोन पिवळसर दिवे कोपऱ्यांत लावले, आधीच्या दिव्यांवरची धूळ ओल्या नव्हे तर कोरड्या फडक्याने आणि बटण बंद करून पुसली, तर रंगाचा डबा न उघडता खोली निराळी दिसते. दिव्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. तो वाचून घ्यायचा.

त्यांचा खरा भर मात्र बाहेर काढण्यावर होता. आपण दिवाळीला घरात वस्तू आणतो आणि घर जुनेच दिसते, कारण माळा भरलेला असतो, कपाटांवर खोकी असतात आणि दाराआड तीन तुटक्या छत्र्या असतात. आधी वस्तू बाहेर, मग धूळ, मग पाणी, आणि धूळ वरून खाली, हा क्रम त्यांनी आग्रहाने सांगितला. पंख्याच्या पात्यावर उशीचा जुना अभ्रा मोजा चढवावा तसा सरकवायचा, दोन्ही हातांनी दाबून ओढून घ्यायचा, म्हणजे वर्षभराचा काळा थर अभ्र्यातच राहतो आणि पलंगावर पडत नाही. पडदे धुऊन ओलसर असतानाच दांडीवर चढवायचे. स्वतःच्या वजनाने सरळ होतात आणि इस्त्री वाचते. न्हाणीघरात ब्लीच आणि आम्लाचा क्लीनर एकत्र करायचा नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो, हे त्यांनी विज्ञानाच्या तासाला सांगावे तसे दोनदा सांगितले.

अण्णांची धाकटी बहीण पुण्यात असते. तिकडे 2008 पासून काम करणारी कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था जुने कपडे, गाद्या, बिघडलेली विजेची उपकरणे वेगळी गोळा करते, असे अण्णांनी सांगितले. आमच्याकडे बोहारीण आता क्वचितच येते, त्यामुळे माळ्यावरचे सामान कचऱ्याच्या डब्याशेजारी ढीग करून ठेवण्याची पद्धत पडली आहे. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. ती फुटली तर तो कचरा उचलणाऱ्याच्या नाकातोंडात जातो. हा ढीग सोसायटीने एका रविवारी वेगळा करून भंगारवाल्याला आणि ई-कचरा घेणाऱ्यांना द्यावा, असे मला मनापासून वाटते आणि ते मी तिथे बोललोही.

माघार घेताना नानांनी निदान दारांच्या चौकटी तरी घासून घेतो, असे म्हटले, तेव्हा बाबूराव पुन्हा मध्ये पडले. आमची इमारत 1988 सालची आहे. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भागांची) मर्यादा 2016 च्या नियमांनी आली आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या तेलरंगात शिसे असण्याचा संभव मोठा. असा थर कोरडा घासला तर धूळ घरभर होते, आणि नानांचा नातू अजून जमिनीवर रांगतो. चौकट ओली करूनच घासावी, मुलांना तेवढा वेळ दुसऱ्या घरी ठेवावे आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

"बरे, मग हे सगळे आमच्या कामवाल्या मावशी करतील," नाना म्हणाले. "दिवाळीचा बोनस देतोच की."

"बोनस वर्षभराच्या कामाचा असतो, नाना," सुलभाताई म्हणाल्या. "त्यात माळ्याची सफाई फुकटात बसत नाही. तिचे पैसे वेगळे ठरवा आणि काम सांगायच्या आधी ठरवा."

यावर कोणीही काही बोलले नाही, आणि बोलण्यासारखे काही नव्हतेच.

नानांनी कागद उलटा करून मागच्या बाजूला नवे वेळापत्रक लिहायला घेतले. पहिल्या ओळीत प्लास्टिकचा तुकडा आला. दुसऱ्या ओळीत शिडी आली आणि तेथे गाडी अडली, कारण नानांची शिडी गेल्या गणपतीपासून अण्णांकडे आहे आणि तिची एक पायरी मोडलेली आहे. ती कोणी मोडली यावर दोघांची जुंपली असतानाच नानांच्या घरच्या वहिनी भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत आल्या. त्यांनी नानांच्या हातातला कागद घेतला, खालपर्यंत वाचला आणि सुलभाताईंपुढे धरला.

"यात सगळे पंखे माझ्या नावावर आहेत आणि देखरेख यांच्या नावावर आहे."

अण्णा तर कट्ट्यावरून खाली उतरूनच हसले. विनूने पेन पुढे केले, वहिनींनी नावे आपल्या हाताने बदलली, आणि रविवारी सकाळी सात वाजता शिडी पोहोचवण्याचे अण्णांनी पायरी दुरुस्त करून देण्याच्या अटीसह कबूल केले.