वेणीची फीत आणि पत्र्याची नळी

२०२३ चा नौदल दिन मालवणात झाला तेव्हा आमचं अर्धं गाव टीव्हीसमोर होतं आणि उरलेलं तारकर्लीच्या वाटेवर ट्रॅफिकमध्ये अडकलं होतं. नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांत महाराजांचा वारसा दिसेल, अशी घोषणा झाली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण खांद्यावरच्या आणि बाहीवरच्या फितींचा विषय निघाला की मला हटकून माझा आजो आठवतो. त्याच्या बाहीवर कधीच काही नव्हतं.

आजो बोटीवर सुकाण्या होता. माल नेणारी इंग्रजी आगबोट. दुसऱ्या महायुद्धात सगळी वर्षं तो बोटीवरच होता. देवगडच्या आमच्या घरात माळ्यावर अजून त्याची ‘नळी’ आहे. खलाशाचं नोकरीचं पुस्तक म्हणजे नळी. जुनी माणसं ते कागद पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवायची, म्हणून घरात त्या कागदांनाच नळी म्हणत. झाकण आता गंजून घट्ट बसलंय, उघडताना बोटाला तपकिरी भुगा लागतो. आत प्रत्येक सफरीपुढे कामाचा आणि वागणुकीचा शेरा, सगळीकडे एकच शिक्का: ‘व्हेरी गुड’. पाणबुड्यांच्या समुद्रातून पाच-सहा वर्षं सुकाणू धरलं, त्याचा इतिहास एवढाच.

आता फितीचं सांगतो. त्या काळी इंग्रज आरमारात बाहीवर तीन तऱ्हांच्या सोनेरी फिती असत. कायम नोकरीतल्या अधिकाऱ्याची सरळ. हौशी स्वयंसेवकाची नागमोडी. आणि तिसरी, मला सगळ्यात सुंदर वाटते ती, दोन बारीक फिती वेणीसारख्या एकमेकींत गुंफलेली. ही रिझर्व्हच्या अधिकाऱ्याची. म्हणजे मूळचा व्यापारी जहाजावरचा माणूस, ज्याच्याकडे मेटचं (कप्तानाखालच्या अधिकाऱ्याचं) किंवा कप्तानाचं सर्टिफिकेट आहे आणि लढाई सुरू झाल्यावर ज्याला आरमाराने बोलावून घेतलं आहे. रॉयल इंडियन नेव्हीत, म्हणजे इंग्रजांच्या हाताखालच्या हिंदी आरमारातही हीच पद्धत होती. १९३९ मध्ये या नेव्हीत ११४ अधिकारी आणि १७३२ नाविक होते, बस्स. युद्ध संपेपर्यंत संख्या पंचवीस हजारांवर गेली. एवढ्या बोटींना अधिकारी आणायचे कुठून? तिथे हे वेणीवाले कामाला आले.

या लोकांचं कर्तृत्व लहान नव्हतं. ११ नोव्हेंबर १९४२ची ‘बेंगाल’ची लढाई प्रत्येक कोकणी पोराला पाठ असायला हवी. ‘बेंगाल’ ही ऑस्ट्रेलियात नवीन बांधून हिंदुस्थानात आणली जात असलेली छोटी सुरुंग काढणारी बोट. तिचा कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्सन, रिझर्व्हचा माणूस. बरोबर ‘ओंडिना’ नावाचं डच तेलवाहू जहाज. कोकोस बेटांच्या नैऋत्येला भर समुद्रात दोन जपानी जहाजं समोर आली. तीही मूळची प्रवासी बोटीच, पण तोफा बसवून लढाऊ केलेल्या, एकेक दहा हजार टनांवर. ‘बेंगाल’वर लढायला म्हणावी अशी एकच बारा पौंडी तोफ. विल्सनने ‘ओंडिना’ला निसटायला सांगितलं आणि आपली बोट थेट शत्रूच्या अंगावर घातली. ‘ओंडिना’ही पळाली नाही, आपल्या एकुलत्या तोफेने मारा करत राहिली. जपान्यांची एक बोट, ‘होकोकु मारू’, स्फोट होऊन बुडाली. डच कप्तान त्या लढाईत गेला. शेवटी ‘बेंगाल’ आणि ‘ओंडिना’ची चुकामूक झाली, दोघींनाही वाटलं की दुसरी बुडाली, आणि दोघीही आपापल्या वाटेने बंदराला लागल्या! विल्सनला डीएसओ हे लष्करी पदक मिळालं. मिळायलाच हवं होतं.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. मुंबईच्या बंदरात १९२७ मध्ये ‘डफरिन’ हे ट्रेनिंग जहाज सुरू झालं, हिंदी मुलांना व्यापारी जहाजावर अधिकारी करण्यासाठी. त्याच्या पहिल्याच तुकडीत रामदास कटारी होते. पुढे हुगळी नदीच्या मोजणीच्या कामावर होते, युद्ध लागल्यावर रिझर्व्हमधून आरमारात आले आणि १९५८ मध्ये नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

मग माझी कुरकूर कशाबद्दल? तर ती वेणी बाहीवर चढायला आधी सर्टिफिकेट लागायचं, सर्टिफिकेटला इंग्रजी शाळा आणि बापाच्या खिशात पैसे. आमच्या किनाऱ्यावरची पोरं चौदा-पंधराव्या वर्षी गावच्या सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, ओळखीने बोटीवर चढायची. खलाशी, मग सुकाण्या, नशीब जोरावर असेल तर टंडेल (सारंगाच्या हाताखालचा), फार झालं तर सारंग. त्याच्या वर शिडीच नव्हती. आरमारातही तेच. युद्धाआधी खालच्या डेकवरचे, म्हणजे अधिकारी नसलेले, नाविक मुख्यतः आपल्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यातही कोकणी मुसलमान फार.

पगाराचं तर बोलूच नका. गोऱ्या खलाशाच्या मानाने हिंदी खलाशाला पाव-चतकोर. १९३९ मध्ये लढाई पेटल्या पेटल्या इंग्लंडच्या बंदरांत आपल्या खलाशांनी संप केला. लोक तुरुंगात गेले, पण पगार थोडा वाढवून घेतलाच. हे आपल्या शाळेत कोणी शिकवलं? आजो दाढी करता करता म्हणायचा, “झिला, बोट बुडली काय पगारय बुडता.” आणि स्वतःच हसायचा. आम्हीही हसायचो. लहान होतो.

मुंबईत मशीद बंदरच्या नाविकगृहात दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या दर्यावर्दींना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही, त्यांचं स्मारक आहे. त्यात रॉयल इंडियन नेव्हीचे चारशेवर लोक आहेत. आणि व्यापारी जहाजांवरचे? जवळजवळ सहा हजार! हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा परत मागे जाऊन वाचले. लढणाऱ्यांपेक्षा माल वाहणारे कितीतरी पट जास्त मेले. पण ‘माजी सैनिक’ म्हणून त्यांना आपल्याकडे कोणी धरलं नाही, ना गावात पाटी, ना चौथरा. कोकणातल्या कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत, या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत. बोटीवाल्यांसाठी तसलं काही मी तरी आमच्या खाडीवर पाहिलेलं नाही.

त्या नावांच्या यादीची एक प्रत चितगावला ठेवली आहे, कारण तिकडचे खलाशी फार होते. माझं म्हणणं एवढंच की तशीच एक प्रत रत्नागिरीला किंवा मालवणात का असू नये? पुतळे उभारायला आपल्याकडे पैसे आहेत (पुढचं बोलत नाही, कमेंटमध्ये मारामारी नको). एक पुस्तक आणि काचेचं कपाट, त्याला किती खर्च येणार?

यात माझा स्वार्थही आहे. आजोचा चुलतभाऊ बोटीवर गेला तो आलाच नाही. घरात त्याचा फोटो नाही, मेल्याची तारीख नाही. तिथी माहीत नाही म्हणून आम्ही त्याचं पान सर्वपित्रीला वाढतो. युद्धस्मारकांची नोंद आता ऑनलाइनही बघता येते. मागच्या भाद्रपदात तारीख मिळेल म्हणून बसून शोधलं. बोटीवरच्या कारकुनाने आडनावं लिहिलीच नव्हती बहुतेक, नुसतं नाव आणि बापाचं नाव, तेही कानाला लागलं तसं. त्याच नावाचे तिघे सापडले. तीन बोटी, तीन तारखा.

काकूला विचारलं, काय करायचं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “तिघांकय वाढ. सर्वपित्रीकच वाढ.”