फोनचा सर्व्हर अपग्रेड करताय? आधी हार उतरवा

ऑफिसचा फोन महिनोन्‌महिने सुरळीत चालू असणं ही आयटीवाल्याच्या दृष्टीने नामुष्कीची गोष्ट आहे. फोन चालू असला की तुमची कुणाला आठवण येत नाही, दिवाळीच्या मिठाईच्या यादीत तुमचं नाव झेरॉक्सच्या मेकॅनिकच्याही खाली जातं. तेव्हा अपग्रेड कराच.

मुहूर्त खंडेनवमीचा धरा. त्या दिवशी लेथला, फोर्कलिफ्टला, साहेबांच्या गाडीला आणि सर्व्हर रॅकला झेंडूचा हार पडतो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, म्हणजे तुम्ही काय करून ठेवलंय ते परवापर्यंत कुणाला कळत नाही. हार नक्की कोणत्या डब्याला घालायचा, असं विचारलं तर गप्प बसा. पूर्वी ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज, हा रिसेप्शनमागच्या भिंतीवरचा क्रीम रंगाचा डबा होता, शेजारी फोनच्या वायरी खोचायची क्रोनची पट्टी. रुसला की प्लग काढायचा, दहा आकडे मोजायचे, परत लावायचा. आता तो व्हर्च्युअल झालाय. एकाच सर्व्हरवर सात मशीन्स पोटभाडेकरूंसारखी राहतात, त्यातली एक फोनची, तिच्या शेजारी टॅलीची. प्लग काढलात तर सातही बिऱ्हाडं रस्त्यावर. म्हणून हार अख्ख्या रॅकलाच घाला. फक्त काम सुरू करण्याआधी तो उतरवा. आमच्याकडे एक पाकळी पंख्यात गेली होती. सायकलच्या चाकाला पत्ता लावल्यासारखा रात्रभर टर्रर्र आवाज येत होता आणि मी तो अपग्रेडचाच भाग समजून बसलो होतो.

मग स्नॅपशॉट घ्या. एका क्लिकचं काम, पण त्याने माणसाच्या छातीत जे बळ येतं ते कुठल्याही स्तोत्राने येत नाही. साहेबांना ठामपणे सांगा, ‘बॅकअप घेतलाय.’ स्नॅपशॉट म्हणजे प्रत नव्हे, मूळ डिस्क गोठवायची आणि पुढचं सगळं लिखाण शेजारच्या वेगळ्या फाइलीत करायचं, एवढंच ते असतं. मूळ डिस्क गेली की दोघांचा दहावा एकाच दिवशी. पण हे सांगून साहेबांचा सण कशाला नासवायचा? असली व्हर्च्युअल मशीन्स चालवायचं सॉफ्टवेअर विकणारे व्हीएमवेअरवाले म्हणतात, एक स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नका. याच वेळी तुम्हाला यादीत गेल्या खेपेचा ‘अपग्रेडपूर्वी_फायनल’ दिसेल. मशीन 40 जीबीचं, त्याच्यामागे गुपचूप फुगलेली फाइल 38 जीबीची. तिला हात लावू नका, नवीन घ्या. नाव द्या ‘फायनल_2’.

रिलीज नोट्स वाचायच्या नाहीत. त्या वाचल्या तर अपग्रेड करायची हिंमत राहत नाही. सरळ अपडेटची आज्ञा द्या. सर्व्हर जर सेंटओएस 7 या ऑपरेटिंग सिस्टिमवर असेल, आणि असतोच, तर तो बिचारा नव्या पॅकेजेससाठी नेहमीचा पत्ता शोधायला जातो. त्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही, कारण सेंटओएस 7 चा आधार 30 जून 2024 ला संपला. रात्री साडेनऊला तुम्हाला कळतं की फोनचा कारभार बघणारं फ्रीपीबीएक्स 17 हे डेबियन 12 या वेगळ्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर बसतं, आहे त्या जागी चढत नाही. म्हणजे रंग मारायला निघालो होतो आणि घरच बदलायचं निघालं. नवं मशीन उभारा, जुन्यातून सामान काढा, नव्यात भरा. आणि तो प्रेमाने घेतलेला स्नॅपशॉट? तो जुन्या घराचा.

चिडू नका. या सगळ्याच्या पोटात फोन जोडण्याचं सॉफ्टवेअर म्हणून जे अ‍ॅस्टेरिस्क चालतं, ते 1999 मध्ये मार्क स्पेन्सर नावाच्या तरुणाने लिहिलं, कारण स्वतःच्या छोट्या धंद्यासाठी फोनचा सर्व्हर विकत घेणं त्याला परवडत नव्हतं. फुकटात मिळालेल्या गोष्टीला नावं ठेवू नयेत. नावं ठेवायला व्हेंडर आहे.

चाचणी घ्या. तुमच्या टेबलावरून शेजारच्या टेबलावर फोन लावा. वाजला? झालं, रिपोर्टात ‘यशस्वी’ लिहा. रिसेप्शनवरच्या बाईंना चुकूनही विचारू नका. त्यांच्याकडे एक लाँगबुक आहे, त्यात कोणतं एक्स्टेंशन कुठे वाजतं, गेटवरचा फोन कोणत्या जुन्या वायरीवर आहे, रात्रीचे कॉल कुठे जातात, हे चार रंगांच्या पेनांनी लिहिलेलं आहे. कंपनीत हे एवढंच डॉक्युमेंटेशन आहे. ते वाचलंत तर अपग्रेडमधली गंमतच जाईल.

दसऱ्यानंतरच्या सकाळी अर्धे फोन मुके असतील. ते फोनला सर्व्हरशी जोडणाऱ्या जुन्या चॅन-सिप मॉड्यूलवर होते, आणि तो प्रकार अ‍ॅस्टेरिस्क 21 पासून काढूनच टाकलाय. आता सगळा कारभार पीजेसिप या नव्या मॉड्यूलचा. नवा सर्व्हर 5060 पोर्टवर दार उघडं ठेवून बसलाय आणि हे फोन बिचारे 5160 चं दार ठोठावतायत. प्रत्येक टेबलाशी जाऊन बदला. तेवढाच चालण्याचा व्यायाम.

अकराच्या सुमाराला आपण बाहेर लावलेले कॉल लागू लागतील, पण बोलणं एकाच बाजूने. आपलं त्यांना ऐकू जातं, त्यांचं आपल्याला नाही. फोन जोडण्याचं काम सिप करतं, आवाज मात्र 10000 ते 20000 मधल्या कुठल्यातरी पोर्टवरून वेगळा येतो, आणि तुमचा फायरवॉल तो अजून जुन्या मशीनच्या पत्त्यावर पोचवतोय. इमानी पोस्टमनच म्हणा. हे लगेच दुरुस्त करायची घाई नको. आमच्या अकाउंट्सवाल्यांनी पैसे मागणाऱ्या सप्लायरांसाठी ही सोय कायम ठेवता येईल का, असं लेखी विचारलं होतं.

आता उरले बाहेरून येणारे कॉल. ते येतच नाहीत. म्हणजे येतात, पण रिसेप्शनवर वाजत नाहीत; थेट व्हॉइसमेलवर जातात आणि चाकणच्या ग्राहकाला अ‍ॅलिसन स्मिथ बाई इंग्रजीत निरोप ठेवायला सांगतात. अ‍ॅस्टेरिस्कमधला आवाज त्यांचाच. (याच बाईंच्या आवाजात ‘मुंगसासारख्या प्राण्यांनी आमची फोन यंत्रणा खाऊन टाकली आहे’ अशा अर्थाचं एक रेकॉर्डिंग अ‍ॅस्टेरिस्कबरोबर खरोखरच मिळतं. बनवणाऱ्यांना अनुभव असणार.)

कारण शोधत बसू नका, मी सांगतो. नवं मशीन उभारताना वेळ ग्रीनिचची राहिली. ऑफिस साडेनऊला उघडतं असं सर्व्हरला सांगितलंय, आणि तो ते ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे पाळतोय. आपल्याकडे ते होतं दुपारी तीनला. दुरुस्ती एका ओळीची आहे, पण ती करू नका. पावणेतीनला रॅकसमोर उभे राहा. साहेबांना बोलावून घ्या. काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करा, खोडा, परत टाइप करा, मधूनच ‘हं’ म्हणा. ठीक तीनला रिसेप्शनचे सगळे फोन एकदम खणखणतील. कीबोर्डवरून हात उचला, घाम पुसा आणि शांतपणे म्हणा, ‘झालं.’

संध्याकाळी ऑफिस सहाला बंद होतं, म्हणजे आता रात्री साडेअकराला. तोवर रिकाम्या रिसेप्शनवर काय वाजायचं ते वाजू दे. वॉचमन उचलेल.