केसांची मुळे नुसती झोपलेली नसतात

धुळे-जळगावकडच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहांवर एक संदेश फिरतो आहे: साठीनंतरही केसांची मुळे मरत नाहीत, फक्त झोपतात, मुंडण करून चाळीस दिवस कांद्याचा रस चोळला की तरुणपणीचे केस परत येतात. अनेक वडीलधारी माणसे यावर विसंबतात, म्हणून तो तपासणे मला गरजेचे वाटते.

मुळे झोपतात, हे अर्धेच खरे आहे. डोक्यावरचा केस साधारण दोन ते सहा वर्षे वाढतो, सुमारे तीन महिने विसावतो आणि गळतो. मग मुळाच्या पिशवीतील मूलपेशी, म्हणजे नव्या पेशींना जन्म देणाऱ्या पेशी, नवा केस घडवतात. रावेर-यावलच्या केळीउत्पादकाला हे पिलबागेवरून, म्हणजे जुन्या झाडाच्या कंदातून फुटणाऱ्या पिलांवर घेतलेल्या पुढच्या पिकावरून, कळेल, कारण घड कापल्यावर कंद शाबूत असेल तरच पील जोमाने येते. वयाबरोबर मात्र हा कंदच झिजतो. टोकियोतील एमी निशिमुरा यांच्या गटाने 2016 साली दाखवले की मूलपेशींना जागेवर धरून ठेवणारे कोलॅजन-17 हे प्रथिन वाढत्या वयात, डीएनएला झालेल्या हानीपायी, तुटत जाते. त्या पेशी मग साध्या त्वचापेशी बनून वर सरकतात व झडून जातात, आणि पिशवी आक्रसते. जी पेशी तिथे उरलीच नाही, तिला कोणताही रस जागे करू शकत नाही.

पुरुषी टकलाची गोष्ट थोडी वेगळी आहे, हे मान्य करायला हवे. 2011 च्या एका अभ्यासात टकलाच्या त्वचेतही मूलपेशी टिकून असल्याचे आढळले. घटल्या होत्या त्या त्यांच्यापासून पुढे तयार होणाऱ्या पेशी. तेथे केसांच्या मुळांवर संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) परिणाम असतो, आणि तो कांद्याने थांबत असल्याचा पुरावा नाही.

मुंडणाचे म्हणाल, तर धुळ्याच्या एकवीरादेवीला जाऊळ काढल्यावर बाळाचे केस दाट येतात असे आपण मानतो. पण ते वयानुसार तसेही दाट होतात, आणि वस्तरा मूलपेशींपर्यंत पोहोचतच नाही.

कांद्याच्या रसाची एक छोटी चाचणी 2002 मध्ये प्रसिद्ध झाली होती, पण ती चाईच्या, म्हणजे ठिकठिकाणी चकत्यांनी केस जाण्याच्या विकाराच्या, रुग्णांवर होती. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच मुळावर हल्ला करते, मूलपेशी सहसा वाचतात आणि अनेकांचे केस आपोआपही परततात.

उतारवयात केस अचानक गळू लागले, तर थायरॉइडचा विकार किंवा लोहाची कमतरता असू शकते. रस चोळण्यात चाळीस दिवस गेले तर ते निदान लांबते, आणि मिनॉक्सिडिलसारखे केसगळतीवरचे औषधही पिशव्या पुरत्या आक्रसण्याआधी सुरू केले तरच अधिक उपयोगी पडते.