अगदी अशीच होती आमची

कव्हरखालची गाडी नुसत्या आकारावरून ओळखता येणं ही कला आहे, असं मी समजतो. बायकोच्या मते हा आजार आहे आणि तो तिच्या माहेरी कुणाला नव्हता.

एका संध्याकाळी फिरायला निघालो होतो. गल्लीच्या टोकाला कव्हर घातलेलं एक धूड उभं. पुढे उतार, मागे उतार, मधे कासवाची पाठ.

"बीटल," मी म्हणालो.

"चल," ती म्हणाली.

पण मागची काच बघितल्याशिवाय पाय निघेना. फोक्सवॅगनच्या या बीटलची मागची काच मधोमध दुभागलेली असली तर गाडी १९५३ची किंवा त्याआधीची; एकसंध लंबगोल असली तर त्यापुढच्या चारेक वर्षांतली; मोठी आयताकृती असली तर त्याहून धाकटी. दोन कोटींहून जास्त बीटल निघाल्या, शेवटची २००३ साली, तेव्हा बीटल दिसणं म्हणजे काही देवदर्शन नव्हे. पण दुभागलेली काच दिसली तर? मी कव्हरचं टोक दोन बोटांनी उचललं, तोच वरून आवाज आला, "कोण आहे रे तिकडे?"

चोर सापडला की माणूस काठी घेऊन येतो. हे गृहस्थ टॉर्च घेऊन आले. माझ्याकडे ढुंकूनही न बघता त्यांनी स्वतःच कव्हर ओढून काढलं, काचेवर उजेड पाडला आणि म्हणाले, "लंबगोल आहे. तुमच्याकडे होती का हो कुठली?"

या प्रश्नाला 'हो' म्हटलं की पाऊण तास जातो. परत आलो तेव्हा बायको झोपली होती.

खरं तर नुसतं ओळखून आमचं भागत नाही, ती ओळख कुणाला तरी ऐकवावी लागते. मॉरिस मायनर दिसली की बॉनेटच्या मधोमध गेलेली पट्टी मी बरोबरच्याला दाखवणारच. १९४८ साली ती गाडी बाजारात यायच्या आधी अ‍ॅलेक इसिगोनिस या तिच्या रचनाकारांना आपलाच नमुना अरुंद वाटू लागला. त्यांनी तो उभा कापला आणि मधे चार इंच वाढवले. बंपर तर आधीच बनून बसलेले. मग तेही कापून मधे चार इंचांचा तुकडा घातला. पोट सुटल्यावर शिंपी पॅन्टीला मागे तुकडा जोडतो, तोच प्रकार. हे ऐकून माझ्या मेव्हण्याने आपल्या पॅन्टीकडे पाहिलं. विषय तिथेच संपला.

आता माझ्या गाडीबद्दल. तिचं नाव सांगत नाही. बनवणाऱ्यांनी ती बरी बनवली असावी. पुढची करणी तिची आणि माझी.

सकाळी चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल पाजणारा खटका, ओढायचा. कमी ओढला तर ती उठायची नाही, जास्त ओढला तर प्लग ओले. मग पेट्रोलच्या वासात दहा मिनिटं गप्प बसायचं. ही दहा मिनिटं भयंकर. कारण गाडी बंद पडली आहे हे शेजाऱ्यांना वासाने कळतं आणि ते खिडकीशी येऊन म्हणतात, "अगदी अशीच होती आमची."

दुपारी वेगळं संकट. ऊन आणि इंजिनाची धग मिळून पेट्रोल नळीतच उकळायचं, वाफ धरायची आणि पंप नुसताच वाफ ओढत बसायचा. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं टाकून वाट बघणं. भर चौकात मी असा फडकं पिळत असताना एक काका आले. दोन्ही हात डिकीवर ठेवले. मला गहिवरून आलं. मी स्टिअरिंगला जाऊन बसलो, गिअर काढला, हाक दिली, "हं, काका!"

काका ढकलत नव्हते. टेकले होते.

"आमच्या गाडीला व्हॅक्यूमचे वायपर होते," ते मागून म्हणाले. "इंजिनच्या ओढीवर चालायचे. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी, वायपर जागच्या जागी. पाय काढला की वायपर सुरू, पण गाडी मागे. पावसात एकतर रस्ता दिसायचा, नाहीतर गाडी चढायची."

मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. काकांच्या डोळ्यांत पाणी. पंप थंड झाला तरी त्यांचा घाट संपेना.

अशा शेकडो आठवणी मी फडकं हातात धरून ऐकल्या. इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारताना उलट्या झटक्याने मनगट गेलेले मामा, सुतळीने बांधलेलं दार, पायाखालच्या भोकातून दिसणारा रस्ता. पण "गाडी काढली, गेलो, परत आलो" अशी आठवण मला आजवर एकानेही सांगितलेली नाही.

शेवटी कंटाळून गाडी विकली. एका हौशी मुलाने घेतली. त्या दिवशी मी सुखाने झोपलो आणि सकाळी उठून, चोक ओढायचाच नव्हता तरी, दहा मिनिटं गप्प बसून राहिलो.

परवा सिग्नलला उभा होतो आणि मागून तो आवाज आला. तिसऱ्या सिलिंडरला किंचित मिस मारणारा. वळून पाहिलं. रंग नवा होता, पण मागच्या डाव्या दिव्याखाली गेटच्या खांबाने दिलेला पोचा तसाच. तो माझ्या सहीइतकाच माझा. धावत गेलो आणि काचेवर टकटक केली.

"अगदी अशीच होती आमची!"

"हो काका," तो समोर बघत म्हणाला. "सगळे असंच म्हणतात."

"अरे, ही म्हणजे हीच!"

"तेही म्हणतात."

सिग्नल हिरवा झाला. गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली. मुलाने बॉनेट उघडलं, बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं. हॉर्न सुरू झाले. मी मागे गेलो, दोन्ही हात डिकीवर ठेवले. ढकलायलाच ठेवले होते, खरंच. पण पत्रा ओळखीचा लागला, आणि म्हटलं, फडकं टाकलंच आहे तर पंप थंड होईपर्यंत याला त्या वायपरवाल्या काकांची गोष्ट सांगावी.