शंखाचे पैसे वेगळे

माझ्या दुकानाच्या नव्या वेबसाइटचं कोटेशन आलंय. वर लिहिलंय, ‘आदरणीय बापूसाहेब, आपल्या मार्गदर्शनानुसार’. मी सीसीत. चौथ्या ओळीत ‘शंखध्वनी : रु. ३,०००’, वर १८ टक्के जीएसटी. पैसे अर्थात सीसीतल्या माणसाने द्यायचे.

बापू वडिलांचे मित्र. बँकेतून रिटायर झाल्यापासून नाशिकच्या भांडी बाजारातल्या आमच्या दुकानात गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसून पेपर वाचतात. परवा कॉलेज रोडवरून वेबसाइटवाला मुलगा आला. “सर, डिझाइनच्या आधी उद्दिष्टं ठरवू. सहा महिन्यांनी मोजता येतील अशी.” मी तोंड उघडेपर्यंत बापूंनी पेपरची घडी घातली.

“लिही. साइट उघडली की शंख वाजला पाहिजे.”

“काका, आवाज आला की लोक पान बंद करतात.”

“शंख ऐकून पळणारा तांब्याचा लोटा घेणार आहे का? बरं झालं पळाला.”

मुलाने चिकाटीने आकडे दाखवले. बहुतेक लोक मोबाइलवरून येतात आणि पहिल्या पानावरूनच परत जातात.

“परत म्हणजे कुठे? समोरच्याकडे?” बापूंनी चष्मा कपाळावर चढवून समोरच्या दुकानाकडे असं पाहिलं, की तिथला पोरगा उगाचच स्वच्छ पातेली पुसायला लागला.

“आणि किती लोक येऊन गेले तो आकडा खाली फिरता ठेव. सुरुवात एक लाखापासून कर.”

मुलाने तेही लिहून घेतलं. मोजता येण्यासारखं होतं ना!

आताची साइट २०१५ च्या कुंभमेळ्यात बापूंच्याच भाच्याने केलेली. मोबाइलवर नीट न दिसणाऱ्या पानांना गूगलने त्याच वर्षी एप्रिलपासून मागे ढकलायला सुरुवात केली होती. भाच्याने मात्र ती फक्त कॉम्प्युटरसाठी बनवली. मोबाइलवर आमचा फोन नंबर वाचायला भिंग लागतं. भाचा आता पुण्यात. त्याच्याबद्दल चकार शब्द काढायची सोय नाही.

माझं उद्दिष्ट एवढंच होतं. २०२७ च्या कुंभमेळ्यात अमृतस्नानाला आलेला माणूस रामकुंडावर उभा राहून मोबाइलवर लोटा शोधेल. गर्दीत नेटवर्क रांगणार, म्हणून पान हलकं हवं; गूगलसुद्धा म्हणतं, मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा. त्याला किंमत दिसावी, नंबरवर बोट ठेवलं की फोन लागावा, दुकानाचा रस्ता कळावा. असे फोन महिन्याला किती येतात, ते मोजायचं. मी हे दोनदा सांगितलं.

“ते होईलच रे, त्यात लिहायचं काय?” बापू म्हणाले. मुलाने पेन खाली ठेवलं.

“निदान किंमती तरी टाकू,” मी म्हटलं.

“टाक. संध्याकाळपर्यंत समोरचा दहा रुपयांनी खाली आलेला असेल.”

हे मात्र खरं आहे, आणि माझा खरा राग त्याचाच आहे.