उजनीत पाणी कुठे गेलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. तुमची तक्रार अशी, की उजनी धरणावरचा माझा लेख वाचून तुम्ही एप्रिलअखेरीस मुलांना घेऊन धरणाच्या काठी भिगवणला गेलात. काठावर नुसता चिखल होता, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) लांब ठिपक्यांसारखे दिसले, दुपारी वारा सुटताच नावाड्याने नाव अर्ध्यातून मागे फिरवली आणि मुलांना पाण्यात उतरूही दिलं नाही. 'लोकांना फसवू नका,' असं तुम्ही शेवटी लिहिलंय.

चिखलाचं आधी. उन्हाळ्यात उजनीचा काठ एका जागी राहतच नाही. कालव्यांची आवर्तनं, सोलापूरच्या पिण्यासाठी औज बंधाऱ्यापर्यंत नदीतून सोडलेलं पाणी, वर बाष्पीभवन. त्यामुळे पाणी रोज मागे सरकतं आणि मागे गाळ उघडा पडतो. बातम्यांतल्या टक्केवारीनेही गोंधळ होतो. ती फक्त वापरायच्या साठ्याची असते, म्हणून शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे. तेव्हाही मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी, सुमारे ६३ टीएमसी असतो. त्यातलं पाणी घटू लागलं की टक्केवारी वजा होते. वापरायचा साठा जेमतेम ५३, म्हणजे मृतसाठ्याहूनही कमी! २०२४च्या जूनमध्ये पातळी वजा ६० टक्क्यांच्या आसपास गेली, तरी मधल्या पात्रात पाणी होतंच. म्हणून मी म्हणतो, महिना पाहून जाऊ नका, टक्केवारी पाहून जा. रोहितला उभं राहून चरायला उथळ पाणी लागतं. पाणी फार असलं तर तो लांबच्या उथळ टोकाला जातो. फारच आटलं तर त्याच्यापर्यंत नाव नेणंच अवघड, कारण ती गाळात रुतते. मधले काही आठवडे खरे, आणि ते दरवर्षी वेगळे. डिकसळ किंवा कुंभारगावच्या एखाद्या नावाड्याला आदल्या दिवशी फोन केला, तर तो खरं काय ते सांगतो.

नावाड्याबद्दल मात्र तुमच्याशी माझं अजिबात पटत नाही. २१ मे २०२४ला उजनीतच कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. त्या पाण्यावर वळवाच्या दिवसांत दुपारनंतर वारा कसा उठतो, हे तिथल्या मासेमाऱ्यांना पुण्याहून आलेल्या आपल्यापेक्षा जास्त कळतं. पैसे बुडाल्याची तुमची चिडचिड समजते, पण त्याने केलं ते बरोबरच केलं. पुढच्या वेळी पहाटे निघा, आणि लाइफ जॅकेट नसेल त्या नावेत बसू नका.

पोहण्याचंही तेच. वरून गुडघाभर दिसणाऱ्या पाण्याखाली बुडालेल्या गावांच्या विहिरी आहेत, वाळू उपशाचे खड्डे आहेत. तिथे मी स्वतः उतरत नाही.

मुलांना काही दाखवायचंच असेल, तर पाणी खूप उतरल्यावर पळसदेवला न्या. एरवी बुडालेलं पळसनाथाचं जुनं देऊळ तेव्हा वर येतं. ज्या चिखलावर तुम्ही वैतागलात, तो तेवढा सुकलेला आहे का, हे गावात विचारून मगच पुढे जा. येताना भिगवणला चिलापी मासा खा, त्याबद्दल तरी तक्रार येणार नाही असं वाटतं.